शुश्रूषेचा भार आणि शाळेचे दप्तर

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांच्या प्रगतीचा आढावा घेताना आपण सर्वसाधारणपणे तीन गोष्टींची मोजदाद करतो. घर झाले काय, नोकरी पक्की झाली काय आणि मुलांचे शिक्षण कोठवर आले. यांपैकी शिक्षणाला आपण सर्वांत वरचे स्थान देतो आणि ते योग्यच आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या शिक्षण, संघटन आणि संघर्ष या त्रिसूत्रीतील पहिले पद आपण मनापासून स्वीकारले आहे. म्हणूनच दरवर्षी जयंतीच्या सोहळ्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, त्यांची नावे स्मरणिकेत छापली जातात आणि त्यांच्या आईवडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहतात. हे दृश्य कोणालाही अभिमान वाटावा असेच आहे.

परंतु त्याच सभागृहात असाही एखादा विद्यार्थी बसलेला असतो, की ज्याच्या नावाचा पुकारा कधीच होत नाही. तो आळशी नसतो, मंदबुद्धीचा नसतो आणि वाईट संगतीलाही लागलेला नसतो. पहाटे उठून तो अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे कपडे बदलतो, आईला औषधाच्या गोळ्या मोजून देतो, धाकट्या भावाला शाळेत पोहोचवतो आणि मग स्वतः शाळेत उशिरा पोहोचतो. शाळेच्या दप्तरी त्याच्या नावापुढे ‘उशिरा येतो’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘वर्गात लक्ष नसते’ असे शेरे पडत राहतात. घरात त्याला ‘समजूतदार मूल’ म्हटले जाते, नातेवाईक त्याची तोंडभरून स्तुती करतात. पण त्याचे वर्ष मागे पडत आहे, याची नोंद मात्र कोणीच घेत नाही. या लेखाचा विषय हाच विद्यार्थी आहे.

ब्रिटनमध्ये अशा मुलांना ‘यंग केअरर’ असे नाव आहे. घरातील आजारी, अपंग, वृद्ध, मानसिक व्याधीने ग्रासलेल्या अथवा व्यसनाच्या आहारी गेलेल्या व्यक्तीची देखभाल करणारे अठरा वर्षांखालील मूल, असा त्याचा साधा अर्थ. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये पाच ते सतरा वयोगटातील सुमारे १ लाख २० हजार आणि वेल्समध्ये सुमारे ८ हजार मुले अशी देखभाल करीत असल्याचे नोंदले गेले. जनगणनेचा तक्ता बहुधा घरातील मोठी माणसे भरतात आणि मूल करीत असलेले काम मोठ्यांना काम वाटतच नाही, हे लक्षात घेतले तर खरा आकडा यापेक्षा पुष्कळ मोठा असणार, हे उघड आहे. दुसरीकडे इंग्लंडमधील शाळांच्या वार्षिक गणनेत २०२३ साली प्रथमच अशा विद्यार्थ्यांची स्वतंत्र नोंद मागविण्यात आली, तेव्हा शाळांना अवघी ३९ हजारांच्या आसपास मुले आढळली. दहांपैकी जवळजवळ आठ शाळांनी तर आमच्याकडे असे एकही मूल नाही, असे कळविले. म्हणजे घरात जी मुले आहेत, ती शाळेच्या पटावर दिसत नाहीत. जी दिसत नाहीत, त्यांना साहाय्य मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्या कुटुंबांत हा प्रश्न अधिकच झाकलेला राहतो, याला आपल्या परिस्थितीची काही विशिष्ट कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. उतारवयात मुलाकडे राहावयास आलेल्या आजीला इंग्रजी येत नाही. नोकरीमुळे मुलाला आणि सुनेला रजा मिळत नाही. मग दहा-बारा वर्षांची नात शाळा बुडवून दवाखान्यात दुभाषी म्हणून उभी राहते. आजीच्या गर्भाशयाच्या विकाराविषयी अथवा कर्करोगाच्या निदानाविषयी डॉक्टरांनी उच्चारलेली वाक्ये त्या बालिकेला स्वतःच्या तोंडाने आजीला सांगावी लागतात. वस्तुतः एनएचएसमध्ये रुग्णाला दुभाषी विनामूल्य मिळतो, त्यासाठी भेटीची वेळ ठरविताना आधी सांगावे लागते, एवढेच. तरीही नात सोबत आहे ना, मग कशाला कोणाला त्रास, अशा संकोचापोटी आपण ही सोय मागत नाही आणि तो त्रास एका लेकरावर ढकलून मोकळे होतो.

दुसरे कारण आजाराचे. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, ही वैद्यकशास्त्राने वारंवार नोंदविलेली गोष्ट आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. नागपूर-चंद्रपूरकडून इकडे आलेल्या घरांत म्हणूनच एक भावंड आजारी आणि दुसरे त्याची काळजी घेणारे, असे चित्र असू शकते. या आजारातील वेदनेचा झटका वेळ सांगून येत नाही. मध्यरात्री भाऊ हाडे फुटल्यासारखा कळवळू लागला, की पाणी देणारी, शेक देणारी आणि फोन फिरविणारी बहीण सकाळी परीक्षेला कोणत्या अवस्थेत बसत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. आजारी भावाची फाईल इस्पितळात असते. बहिणीची फाईल कोठेच नसते.

तिसरे कारण लोकलज्जेचे. मधुमेह अथवा हृदयविकार आपण सांगतो. परंतु वडिलांचे मद्यपान, आईचे खिन्न मनाने दिवसेंदिवस खोलीबाहेर न येणे, काकांचा भ्रमिष्टपणा हे मात्र चार भिंतींच्या आत दडपून ठेवतो. ‘घरातले बाहेर सांगायचे नाही’ ही ताकीद मुलाला लहानपणीच मिळते आणि ते ती प्रामाणिकपणे पाळते. हळूहळू ते मित्रांना घरी बोलावणे सोडते, सहलीला जाणे सोडते, विहारातील धम्मवर्गालाही येईनासे होते. जातीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या तोंड लपवावे लागलेल्या समाजाने निदान आजाराच्या नावाने तरी आपल्या मुलांना तोंड लपवावयास लावू नये, असे मला तळमळीने वाटते.

या ठिकाणी काही वाचक आक्षेप घेतील. ‘आम्हीही लहानपणी घरची कामे केली, आजारी आजीचे पाय चेपले, भावंडांना कडेवर खेळवले, त्यामुळे आमचे काय बिघडले?’ हा आक्षेप निराधार नाही. मुलांनी घरात काम करावे, वडीलधाऱ्यांची सेवा करावी, दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव ठेवावी, यात वाईट काहीच नाही. किंबहुना करुणेचे पहिले धडे घरातच मिळतात. परंतु दोन परिस्थितींतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. गावच्या वस्तीत अथवा मुंबईच्या चाळीत आजारी माणसाभोवती दहा हात होते. शेजारची मावशी भाकरी टाकून जात असे, समोरचे काका दवाखान्यात घेऊन जात, आणि मुलाच्या वाट्याला त्यातला एक लहानसा वाटा येई. येथे तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड आजारी माणूस आणि एक मूल, असे दोघेच असतात. तेथे तो वाटा होता, येथे तो संपूर्ण भार झाला आहे. मुलाचे प्रेम तेव्हाही तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे; आटले आहेत ते त्याच्या भोवतीचे हात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मातापित्यांची सेवा हा तर आपल्या संस्कृतीचा पाया, मग त्यात शाळेने आणि सरकारने नाक खुपसण्याचे कारण काय, असे विचारले जाते. कावडीत आईबापांना वाहून नेणाऱ्या मुलाचा आदर्श आपल्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला. धम्मदीक्षेनंतर आपण अनेक जुन्या कथा टाकून दिल्या. पण हा आदर्श मात्र नकळत आपल्यासोबत विमानाने परदेशी आला. म्हणून या बाबतीत तथागतांची शिकवण काय आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांची पाहणी करीत असता एक भिक्खू अतिसाराने जर्जर होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना आढळला. तो कोणाच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याचीही कोणी विचारपूस करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागविले, स्वतः पाणी ओतून आनंदासह त्याला स्वच्छ केले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. ही कथा आपण प्रवचनांतून ऐकतो आणि करुणेचा दाखला म्हणून सांगतो. परंतु कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. भगवंत केवळ सेवा करून थांबले नाहीत. त्यांनी संघाला एकत्र बोलावून नियम घालून दिला. भिक्खूंना सांभाळणारे मातापिता येथे नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, सहाध्यायी असेल तर त्याने शुश्रूषा करावी. आणि यांपैकी कोणीही नसेल तर संघाने करावी, आणि न केल्यास तो दोष मानला जाईल, अशी ती व्यवस्था आहे. शुश्रूषा ही एकट्याच्या पुण्याची बाब न राहता संघाच्या जबाबदारीची बाब झाली, ती या नियमामुळे. विशेष म्हणजे या क्रमात उपाध्याय आणि आचार्य हे आधी येतात, शिष्य मागाहून. थोरांवरचा भार धाकट्यांवर ढकलण्याची सोय तेथे नाही.

गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तातही हाच तोल राखलेला आहे. ज्यांनी आपले पोषण केले, त्या मातापित्यांचे पोषण अपत्याने करावे, असे तेथे सांगितले आहे. पण लगेच मातापित्यांचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत आणि अपत्याला विद्या व कौशल्य शिकविणे हे त्यांपैकी एक आहे. तेव्हा मुलाची विद्या खर्ची घालून घेतलेली सेवा ही धम्माला धरून आहे, असे म्हणता येणार नाही.

बाबासाहेबांची विचारसरणीही याच दिशेची होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांना प्रसूतिकाळात साहाय्य देण्याच्या विधेयकाचा पुरस्कार करताना त्यांनी मातृत्वाची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न असल्याचे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे प्रतिपादन केले होते. जे ओझे तोवर घरातल्या बाईचे नशीब म्हणून सोडून दिले जात होते, ते त्यांनी सार्वजनिक जबाबदारीच्या कक्षेत आणले. घरात निमूटपणे सोसल्या जाणाऱ्या दुःखाला हक्काची भाषा देणे, ही बाबासाहेबांची रीत होती. त्यांच्या अनुयायांनी घरातल्या मुलाच्या सोसण्याला मात्र केवळ स्तुतीची भाषा द्यावी, ही विसंगती आहे.

मातोश्री रमाईंच्या त्यागाविषयीही येथे एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. बाबासाहेब परदेशी शिकत असताना त्या माउलीने दारिद्र्य, आजारपणे आणि अपत्यवियोग सोसून संसार सांभाळला. त्यांच्यापुढे आपले मस्तक नेहमीच नमते. पण रमाईंचा त्याग वंदनीय आहे, याचा अर्थ तो आपल्या मुलींकडून पुन्हा वसूल करावा, असा होत नाही. घरात आजारपण आले की मुलाची शिकवणी चालू राहते आणि मुलीची बंद होते. मुलगा दूरच्या विद्यापीठात जातो आणि मुलगी बसने जाता येईल तेवढ्याच अंतरावरचे कॉलेज निवडते. हा पक्षपात आपल्या घरांतून अद्याप पुरता गेलेला नाही. रमाईंनी सोसले ते पुढच्या मुलींना सोसावे लागू नये, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.

आता या देशातील कायद्याची माहिती घेऊ, कारण ती नसल्यामुळे पुष्कळसे नुकसान होते. २०१४ च्या मुले व कुटुंबे विषयक कायद्याने इंग्लंडमधील प्रत्येक यंग केअररला आपल्या गरजांचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क दिला आहे. मुलाने अथवा पालकाने कौन्सिलकडे मागणी केली, किंवा मागणी नसतानाही गरज दिसून आली, तरी कौन्सिलला हे मूल्यमापन करावे लागते. मूल करीत असलेली देखभाल त्याने करणे योग्य आहे काय, हे त्यात पाहिले जाते आणि त्याचे शिक्षण व खेळ-विरंगुळा यांचाही विचार करावा लागतो. त्याच वर्षीच्या केअर कायद्यान्वये आजारी प्रौढ व्यक्तीच्या गरजाही स्वतंत्रपणे तपासून घेता येतात. अनेकदा खरा उपाय येथेच असतो. आजोबांना आंघोळ घालण्यासाठी सकाळी एक प्रशिक्षित मदतनीस येऊ लागला, तर नातवाला शाळेची पहिली घंटा गाठता येते. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या कायद्याने अशा मुलांसाठी स्वतंत्र लेखी निवेदन तयार करून घेण्याची तरतूद केली आहे.

पैशाच्या साहाय्याबाबत मात्र गैरसमज नको. केअरर्स अलाउन्स सोळा वर्षांखालील मुलाला मिळत नाही. आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करावी लागते, आणि जो आठवड्याला २१ तास वा त्याहून अधिक शिक्षण घेतो त्याला तो नाकारला जातो. म्हणजे शाळा सोडली तर भत्ता, शाळा धरली तर काही नाही, अशी ही कोंडी आहे. ही तरतूद अन्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि आपल्या संघटनांनी आपल्या खासदारांकडे तसे मांडले पाहिजे. परंतु भत्त्याच्या मोहाने कोणत्याही पालकाने सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे शिक्षण थांबवू नये, हे त्याहूनही महत्त्वाचे आहे.

शाळेला सांगितले तर समाजसेवा खात्याचे लोक येऊन मुलाला घेऊन जातील, अशी भीती अनेक घरांत आहे. मूल घरी देखभाल करते एवढ्याच कारणाने त्याला घरातून काढून नेले जात नाही. कायद्याचा हेतू कुटुंबाला आधार देण्याचा आहे. बालसुरक्षेच्या शासकीय मार्गदर्शनातही अशा मुलांना वेळेवर मदत देण्याचा विचार करा, असेच शाळांना सांगितलेले आहे. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनाही वाटते की आपण तोंड उघडले तर अडचण होईल. परंतु मुलाच्या घरची परिस्थिती शिक्षकांना सांगण्यात सार्वजनिक निधी घेण्याचा प्रश्नच येत नाही. शाळेला माहिती असेल तर गृहपाठाची मुदत वाढते, आईच्या तब्येतीची चौकशी करण्यासाठी मधल्या सुट्टीत फोन वापरू दिला जातो, उशिराची शिक्षा टळते. विद्यापीठाच्या यूकास अर्जातही २०२३ च्या प्रवेशापासून देखभालीच्या जबाबदारीची नोंद करण्याची सोय आहे. गुण थोडे कमी का पडले, हे सांगण्याची ती हक्काची जागा आहे; ती लाजेने रिकामी सोडू नये.

सरकार आणि शाळा यांच्याकडे बोट दाखवून आपले कर्तव्य संपत नाही. संघाची जबाबदारी संघाने उचलावयाची असेल, तर आपल्या मंडळांनीही काही निश्चित पावले टाकली पाहिजेत. धम्मवर्गाच्या नोंदणीपत्रकात ‘घरात कोणाच्या देखभालीत मुलाचा वेळ जातो काय?’ असा एक साधा प्रश्न घालावा. त्याचे उत्तर वाचण्यासाठी दोन विश्वासू प्रौढ व्यक्ती, त्यांत एक महिला, नेमाव्यात आणि मिळालेली माहिती त्यांच्यापुरतीच ठेवावी. परीक्षेच्या दिवसांत अशा घरी आळीपाळीने दोन-तीन तास बसण्यासाठी सभासदांची यादी करावी; आपल्यात निवृत्त झालेल्या परिचारिका आणि शिक्षक आहेत, त्यांच्या अनुभवाचे चीज होईल. कौन्सिलचे अर्ज भरण्यास आणि दवाखान्यात दुभाषी मागण्यास ज्यांना इंग्रजीची अडचण आहे, त्यांना प्रौढांनी साहाय्य करावे, मुलांनी नव्हे. विहाराची एक खोली शनिवारी अभ्यासिका म्हणून उघडी ठेवावी, आणि आजारी माणसाला सोबत आणावे लागले तरी त्याला बसावयास जागा असावी.

आणखी एक सूचना गुणगौरव समारंभाविषयी. गुणवंतांचा सत्कार जरूर करावा. परंतु देखभाल करणाऱ्या मुलांना व्यासपीठावर बोलावून त्यांच्या त्यागाची जाहीर वाहवा करू नये. त्याने घरचे दुःख चव्हाट्यावर येते आणि मूल त्या भूमिकेत अधिकच जखडले जाते. त्या मुलाला शाल-श्रीफळापेक्षा संध्याकाळचे दोन मोकळे तास हवे असतात.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि वरील सूचनांपैकी निदान पहिल्या दोन तरी लगेच अमलात आणाव्यात. पालकांना विनंती एवढीच, की आपल्या घरी अशी परिस्थिती असेल तर या आठवड्यात मुलाच्या वर्गशिक्षकांना भेटावे. भेटीला जाताना मूल दुभाषी म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून सोबत असावे.

जय भीम! नमो बुद्धाय!